लाल सुताचा डॉक्टर

रुपरावला कोंबड्यांचा डॉक्टर कोणी केलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यानेच केलं. तरुणपणी तीन महिने तो जनावरांच्या एका दवाखान्यात पाणी भरायला होता. तीन महिन्यांत त्याने किती बादल्या भरल्या कोण जाणे, पण तिथून निघाला तो चाल बदलूनच निघाला. हात पाठीमागे, मान जराशी वाकडी, आणि समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच एक लांबलचक 'हूं'. अर्धा जन्म मागावर लुगडी विणलेल्या माणसाला ही चाल शोभत नाही. त्याला मात्र ती शोभते असं वाटे, आणि अशा माणसांचं तेवढ्यावर भागतं.

नागपुरात लकडगंजातले लाकडांचे टाल, म्हणजे वखारी, ओलांडले की कोष्ट्यांची एक गल्ली लागायची. मी उमरेडकडचा. चौऱ्याहत्तर साली त्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहत होतो. सकाळी उठलं की सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास यायचा, दोऱ्यांवर ओलं सूत झुलत असायचं, आणि एखाद्या घरातून मागावर धावणाऱ्या धोट्याचा आवाज यायचा. एखाद्याच. बाकीच्या घरांतले माग थांबले होते. मागापुढे पाय सोडून बसायचा जो खड्डा असतो, तो रिकामा पडला होता. कोणी त्यात जळतण भरलं, कोणी कोंबड्या कोंडल्या. ज्या खड्ड्यात पाय सोडून बापाने नऊवारी विणली, त्यात लेकाने कोंबड्या ठेवाव्यात, याची त्या गल्लीला लाज वाटत नव्हती. सोय झाली, असं सगळे म्हणत.

रुपराव आता एका टालावर चौकीदार होता. दिवसभर स्टुलावर बसून दुसऱ्याच्या लाकडांकडे बघायचं, एवढंच काम. संध्याकाळी मात्र पत्र्याचा एक डबा काखेत मारून तो गल्लीतून फिरे. डब्यात दाढीची पत्ती, हळदीची पुडी, कापूस आणि लाल सुताची एक गुंडी. लुगड्याच्या काठाचं ते पक्क्या रंगाचं सूत. तो कोणाकडून पैसा घेत नसे. पैसा घेतला असता तर मी त्याला एक वेळ माफ केलं असतं. त्याला हवी होती खुर्ची. तो आला की आतून खुर्ची आणायची, फडक्याने पुसायची, मग डॉक्टर बसणार, आणि घरची बाई कोंबडी घेऊन त्याच्या पायाशी उकिडवी.

त्याचा धाकटा भाऊ गिरिधर शेजारच्याच घरात राहायचा. गिरिधरच्या छातीत क्षय होता. सरकारी दवाखान्यातून सुया चालू होत्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज दोन अंडी पोटात गेलीच पाहिजेत, नाहीतर सुया फुकट. गिरिधरची बायको अनुसया लोकांचं सूत रहाटावर कांड्यांत भरून देऊन घर चालवायची. अंडी विकत आणणं तिला जमणारं नव्हतं. म्हणून तिने सात कोंबड्या पाळल्या, आणि मागाच्या खड्ड्यात ठेवल्या. त्यातली एक काळी, अशी गुणी की दिवसाआड नेमाने अंडं द्यायची.

भादव्यात खड्ड्याला ओल सुटली. रुपरावने सल्ला दिला की टालावरचे छिलपे आणून अंथर, ओल शोषून घेतात. छिलपे म्हणजे लाकूड तासताना उडालेले धारदार तुकडे. कोंबडीच्या तळव्याखाली ते अंथरायचे हे फक्त कोंबड्यांच्या डॉक्टरालाच सुचू शकतं. आठ दिवसांत काळी एका पायावर उभी राहू लागली.

रुपराव आला. खुर्ची आली. अनुसयेने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. रुपराव तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. त्या घरांत भासऱ्याशी सून तोंडाने बोलत नाही. बोलायचं असेल तर नवऱ्याला सांगायचं, लेकराला सांगायचं, कोणीच नसेल तर भिंतीला सांगायचं. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

आता खरं ते सांगतो, कारण खोटं सांगून माणूस हलका करायची मला गरज नाही. रुपरावचा हात चांगला होता. त्याने काळीचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरून ठेवला, तळव्यावरची काळी खपली भिजू दिली, मग पत्तीच्या टोकाने ती अलगद उचलली. आतून शिजलेल्या डाळीसारखी पिवळी घट्ट गाठ निघाली. कोंबडी ओरडली नाही. बारीक सूत तुटलं की अंधारातही सांधणारी बोटं ती. पाणी टाकून जखम धुतली, हळद भरली. तिथे तो थांबला असता तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.

त्याने लाल सूत काढलं आणि पाय गच्च गुंडाळला. म्हणाला, लाल सुतात जखम आपली जागा सोडत नाही, दवाखान्यात मोठ्या साहेबाने शिकवलं. मोठा साहेब त्याच्याशी आयुष्यात काही बोलला असेल तर 'बादली बाजूला घे' एवढंच. जमलेल्या शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मग त्याने काळीला परत खड्ड्यात, बाकीच्या सहा जणींत सोडलं आणि बशीतला चहा आवाज करून प्याला.

सकाळी अनुसयेने खड्ड्यात पाहिलं तर काळी कोपऱ्यात पडलेली. सुताचे तुकडे इकडेतिकडे, आणि पाय हाडापर्यंत सोललेला.

रुपरावने कारण लगेच काढलं. बाईने पाय ओल्या हाताने हाताळला असणार. तिसऱ्या दिवशी काळी मेली, तोवर आणखी दोघी लंगडू लागल्या होत्या. त्यांच्या पायांना त्याने दुप्पट जाड लाल पट्टी बांधली. दुप्पट, कारण चुकीवर चूक गुंडाळली की ती विद्या दिसते. गल्लीतले नानाजी, ज्यांनी उभ्या जन्मात कोंबडी फक्त ताटात ओळखली, म्हणाले, "डॉक्टर म्हणते तं बरोबरच असन." त्या गल्लीतलं शहाणपण एवढंच होतं.

अंडी थांबली. ज्या धडधाकट होत्या त्याही बिथरल्या आणि देईनात. गिरिधरला पहिल्या दिवशी एक मिळालं, मग आठवडाभर एकही नाही. तो भिंतीला टेकून खोकायचा, आणि बायकोला सांगायचा की दादाले आणखी एकदा बोलाव. धाकट्या भावाची ही भक्ती बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी अनुसया ओट्यावर बसून लाल सुताच्या कांड्या भरत होती. सुताचा एक तुकडा तुटून अंगणात पडला. अंगणात सोडलेल्या कोंबड्या धावल्या आणि त्या तुकड्यावर तुटून पडल्या. अनुसयेने रहाट थांबवला. पांढऱ्या सुताचा तुकडा टाकला. एकीने बघितलं आणि सोडून दिलं. काळा टाकला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुन्हा लाल टाकला, आणि पुन्हा त्याच चोची, तीच झोंबाझोंबी. मी दारातून बघत होतो. अनुसयेच्या मांडीवरची कांडी घरंगळून खाली गेली तरी तिने उचलली नाही.

मग तिने काय केलं ते सांगतो. दोन्ही लंगड्या कोंबड्यांच्या पायांचं चोचींनी कुरतडलेलं सूत कापून काढलं. त्यांना ओसरीत वेगवेगळ्या टोपल्यांखाली ठेवलं, म्हणजे दुसरीची चोच पोचू नये. सकाळ-संध्याकाळ पाय मिठाच्या कोमट पाण्यात, मग कोरडा करून हळद आणि खोबरेल. वरून जुन्या काळ्या चोळीची पट्टी, सैल, आणि त्यावर चुलीची काजळी तेलात कालवून, म्हणजे रक्त पाझरलं तरी लाल दिसू नये. बाकीच्या चौघीही खड्ड्यातून वर काढल्या. छिलपे उचलून चुलीत घातले आणि ओसरीत वाळलेलं गवत पसरलं.

चौथ्या दिवशी रुपराव आला. टोपली उचलली, काळी पट्टी बघितली, आणि भावाला विचारलं की सूत कोणी काढलं. गल्लीतली पाच-सात माणसं मागे होतीच. गिरिधरने मान खाली घातली.

"मी काढलं," अनुसया म्हणाली.

पदर डोक्यावर होता, पण तोंड भासऱ्याकडे होतं.

"लाल दिसलं का कोंबड्या टोचतेत. तुमचं सूत त्यायनं खाल्लं, पायासकट खाल्लं. तुमच्या भावाच्या वाट्याचं अंडं बी त्यातच गेलं. आठ दिवस झाले, यायच्या पोटात अंडं नाई."

रुपराव म्हणाला, "बाईमाणसानं मले शिकवाव आता?"

"शिकवून नाई राहिली. दुसरीच्या पायात गाठ बाकी हाय, मले काढता येत नाई. तुमचा हात चांगला हाय. बसा खाली अन् काढून द्या. बोलू नका फक्त."

रुपरावने मागे वळून बघितलं. कोणीच खुर्ची आणायला आत गेलं नाही. नानाजी आपल्या चपलेचा अंगठा निरखत होते. मग तो डॉक्टर, तो मान वाकडी ठेवणारा, गवतावर उकिडवा बसला. त्याने गाठ काढली. निर्मळ काढली. काळी पट्टी तिने बांधली. तो उठला, डबा काखेत घेतला आणि चहा न पिता गेला.

त्या दोघी वाचल्या. एकीची नखी झडली, पण चालू लागली. कोजागिरीच्या आधी पहिलं अंडं झालं.

दिवाळीनंतर मी पलीकडच्या गल्लीत गेलो होतो. तिथे रुपराव मधोमध बसलेला, पायाशी एक बाई कोंबडी धरून, आणि तो सांगत होता की पट्टी नेहमी काळीच बांधावी, लाल कधीच नाही, दवाखान्यात मोठ्या साहेबाने शिकवलं. माझं रक्त उकळलं. मी तडक परत आलो आणि अनुसयेला सगळं सांगितलं. म्हटलं, चला, त्याला चारचौघांत विचारू.

ती रहाटावरून उठली नाही. "सांगू द्या त्याले," ती म्हणाली. "तिकडच्या कोंबड्यांचे पाय तं राहतीन."

त्याला असं सोडून द्यायची माझी मात्र अजून तयारी नाही. रुपरावचं नाव निघालं की आजही तोंड कडू होतं.

तेव्हा आत गिरिधरला खोकल्याची उबळ आली. अनुसयेने उकडत ठेवलेलं अंडं काढून सोललं, मीठ लावलं आणि त्याच्या हातात दिलं. तो अर्धं तिच्यासाठी ठेवतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून तो पुरं खाईपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नाही.