मालकांचं गाऱ्हाणं

सौदीत, धाहरानच्या तेल कंपनीच्या कॅम्पात मी ज्या घरी राहून काम करते, तिथली मुलगी नववीत आहे. मला मावशी म्हणते. गेल्या महिन्यात तिला शाळेत भाषण करायचं होतं. अमेरिकेत फार पूर्वी दक्षिणेकडे कापसाच्या मळ्यांवर गुलाम राबत. उत्तरेकडच्या पुष्कळ लोकांना ते पसंत नव्हतं. पुढे दोघांत मोठी लढाई झाली. त्या लढाईच्या आधी गुलाम ठेवणाऱ्यांची काय गाऱ्हाणी होती, ते त्यांच्या बाजूने बोलायचं. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरली होती. तिला नको ती आली म्हणून ती दोन दिवस जेवताना कुरकुरत होती.

माझं त्या दिवसांत भलतीकडेच लक्ष होतं. माझ्या मुलीला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण, आणि सासरी करणारं कोणी नाही. मला गावी जायला हवं होतं. पण या देशातून बाहेर पडायचं तर कफीलाला, म्हणजे ज्याच्या नावावर आपले कागद असतात त्याला, परवानगी काढावी लागते, आणि माझे कफील म्हणजे या घरचे साहेबच. त्यांच्या बायकोला, वहिनींना, विचारायचं म्हणून मी रोज सकाळी शब्द जुळवायची आणि पोळ्या होईपर्यंत घाबरून गप्प बसायची. शिक्षण चौथीपर्यंत, त्यात बोलायला भित्री.

त्यातच वहिनींच्या एका मैत्रिणीची कामवाली पळाली. चार जणी चहाला जमल्या. मी ट्रे घेऊन आत-बाहेर करत होते.

"घरच्यासारखं ठेवलं होतं गं! आजारी पडली तेव्हा मी स्वतः डॉक्टरकडे नेलं."

"बाहेरचे कान भरतात यांचे. कोणी घरात घेतल्याशिवाय का जाते ती?"

"मग परत आणून द्यायला नको? कागद तर आपल्या नावावर!"

मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. मला वाटलं, गणितं करतेय.

शुक्रवारी दुपारी तिने वहिनींना आणि मला भाषण ऐकायला बसवलं. मी खाली बसत होते, तर हात धरून सोफ्यावर ओढलं. भाषण इंग्रजीत होतं, पण मला कळावं म्हणून ती मराठीत, अडलं की हिंदीत सांगत गेली.

"आम्ही दक्षिणेचे. यांना खायला आम्ही देतो, आजारी पडले तर औषध आम्ही करतो. उत्तरवाले यांचे कान भरतात. पळाले की घरात लपवतात. कायदा म्हणतो परत द्या, तरी देत नाहीत. आमच्याच कापसाचे कपडे घालतात आणि आम्हालाच वाईट म्हणतात! नव्या मुलखात आम्ही आमची माणसं न्यायची नाहीत म्हणे. अन्याय आमच्यावर होतोय!"

खरं लिहिते, ऐकताना मला त्या मालकांची कीव आली. बोलणं ओळखीचं वाटत होतं. मग कुठलं ते लक्षात आलं आणि मला घाम फुटला.

"हे सगळं पुस्तकात आहे?" वहिनींनी विचारलं.

"थोडं बुक में है. बाकी तुमच्या चहातलं. एकदम परफेक्ट बसलं, मम्मी! मावशी, बताओ, पटलं का?"

"पटलं," मी म्हटलं. या घरात काही विचारलं की माझ्या तोंडून तेच येतं.

वहिनींचा चेहरा लाल झाला. "आम्ही काय गुलाम ठेवलेत? विचार मावशीला."

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं. मला कोणी विकत घेतलेलं नाही. इथे कोणी वेडंवाकडं बोलत नाही. आता महिनाभर जाण्याचं नाव काढायचं नाही, असं मी मनात ठरवत होते, तोच तोंडून निघून गेलं, "मला गावी जायचंय. मुलीचं बाळंतपण आहे."

"हे आत्ता सुचलं? भाषण ऐकून?"

"नाही. कधीचं विचारायचं होतं."

"मग विचारायचं ना! मी कधी नाही म्हटलंय तुला?"

म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी बसल्याजागी मोबाईलवर बोट फिरवलं. चहाला उकळी यायच्या आत परवानगी निघाली. सहा आठवडे. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या बोटाकडेच बघत राहिले.

परवा निघायचंय. बॅग भरली आहे. पासपोर्ट वहिनींच्या कपाटात असतो. काल मागितला तर म्हणाल्या, "विमानतळावर देते गं. तुझ्याकडून हरवेल." मग जरा थांबून, "परत येशील ना?"

"येईन," मी म्हटलं. खरंच येणार आहे. तीनदा सांगितलं, तरी त्या कपाटाला पाठ लावून उभ्याच होत्या.