मंडपामागचा सामना

मला खेळता काहीच येत नाही. शाळेत कबड्डीच्या संघात मला घेतलं ते कपडे सांभाळायला, आणि तिथंही एकाची चप्पल हरवली. पण बघण्यात माझा हात धरणारा आमच्या मुखेडात कोणी नव्हता. कोणता गडी डाव्या अंगानं चढाईला जातो, कोणत्या गोलंदाजाचा खांदा दुखतो आहे, परदेशातल्या कोणत्या क्लबानं कोणाला सोडलं, हे सगळं मला तोंडपाठ. उंटावरून शेळ्या हाकण्यातच माझं तरुणपण गेलं, आणि मी ते आनंदानं जाऊ दिलं.

लातूरला कॉलेजात गेल्यावर तर ताळतंत्रच सुटलं. आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघामागं मी उदगीरला गेलो, निलंग्याला गेलो, शिरूर अनंतपाळला तर टेम्पोत उभा राहून गेलो. परीक्षेच्या आदल्या दिवशी ओरडून ओरडून माझा घसा बसलेला असायचा. पेपर लिहायला घसा लागत नाही, असं माझं उत्तर ठरलेलं होतं.

माझी बहीण माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. आमच्या विहारासमोरच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पोरींचा खो-खो चालायचा, तिथं ती शिकली. दहावीत असताना तिच्या शाळेचा संघ विभागीय स्पर्धेसाठी लातूरला आला. मी तेव्हा लातुरातच होतो. तिनं बाईंच्या मोबाइलवरून फोन केला.

“दादा, अकराला मॅच हाय. येतो का?”

“येतो की,” मी म्हणालो.

मैदान माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर. पण त्याच सकाळी आमच्या कॉलेजचा उपांत्य सामना लागला. पोरींचा खो-खो काय, उद्याही असेल, असं मनाशी म्हणून मी कबड्डीकडं वळलो. संध्याकाळी बसस्टँडवर तिला गाठलं, हातात भेळेचा पुडा घेऊन. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, “तुमची टीम जितली का?” जितली होती. मी तिला सगळा सामना सांगितला, अगदी शेवटच्या चढाईपर्यंत. ती ऐकत राहिली. तिचा संघ जिंकला की हरला, हे मी विचारलंच नाही. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा तिची बस निघून गेली होती.

पुढं शिक्षणासाठी दोन वर्षं अमेरिकेत राहिलो. विद्यापीठ म्हणजेच गाव, अशा जागी. तिथं शनिवारी कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल असला की न्हाव्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे एकाच रंगाचे कपडे घालून निघायचे. आमचं अख्खं मुखेड आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांसकट बसवलं तरी जागा उरेल, एवढं ते स्टेडियम. दिलेल्या वेळेला, मिनिटाचाही उशीर न होता, सामना सुरू व्हायचा. ना भाषण, ना नारळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण स्वर्गात आलो. मीही त्या रंगाचा टीशर्ट घेतला आणि दोन महिन्यांत तिथल्या लोकांनाच त्यांच्या खेळाडूंची माहिती सांगू लागलो.

एकदा आठवड्याच्या मधल्याच दिवशी खोलीकडं परतताना कुंपणापलीकडं शिट्टी ऐकू आली. पोरींचा हॉकीचा सामना चालला होता. बघायला माणसं मोजून दहा-बारा. त्यात एक म्हातारं जोडपं घडीच्या खुर्च्या टाकून, गुडघ्यावर पांघरूण घेऊन बसलेलं. शिट्टी ऐकली की माझे पाय वळतात, तसे वळले. मी शेजारी गवतावर बसलो. आजीबाईंनी विचारलं, यातली तुझी कोण? मी म्हणालो, कोणीच नाही, मला बघायला आवडतं. त्या म्हणाल्या, आमचंही आता कोणी नाही. नात खेळायची, ती शिकून गेली. पण येणं आम्ही थांबवलं नाही, कारण या पोरींच्याही आज्या कुठंतरी लांब असणार.

मग त्यांनी विचारलं, तुझ्या घरी कोणी खेळतं? मी म्हणालो, बहीण. कोणता खेळ, म्हणाल्या. त्यांच्या डब्यातले शेंगदाणे घेऊन मी पांघरुणावर खो-खो मांडला. एका ओळीत आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. ती एखादीला मागून खो देते, मग ती उठते आणि पळते. आजोबासुद्धा वाकून बघू लागले. मला स्फुरण चढलं. तेवढ्यात आजीबाईंनी विचारलं, “आणि ती कशी खेळते?”

मी म्हणालो, “चांगली.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, पुढचं ऐकायला. पुढचं माझ्याकडं काही नव्हतं. परक्या देशातल्या खेळाडूच्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत होतं आणि सख्ख्या बहिणीला मी एकदाही पळताना बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी समुद्र ओलांडून घातला होता. मला स्वतःची लाज वाटली. सामना संपेपर्यंत मी शेंगदाणे खात बसलो आणि मनाशी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात बहिणीला फोन लावला. ती तेव्हा नांदेडला कॉलेजात होती.

“तुझ्या मॅचा कधी असत्यात?”

“कामून?” तिनं संशयानं विचारलं.

“बघायच्यात मला.”

ती हसली. “अमेरिकेतून? हे बघ दादा, आमच्या मॅचा अकराला असत्यात, उन्हात, पोरांच्या आधी. बघायला कुत्रं बी येत न्हाई. आन् हे माझं शेवटचं वर्ष हाय. कॉलेज संपलं की ग्राउंड संपलं. मग मी पोलीस भरतीचा अभ्यास करणार.”

मी म्हणालो, “मी येतो.” ती “बरं” म्हणाली. त्या ‘येतो’वर तिचा विश्वास नव्हता, आणि का असावा?

शिक्षण संपवून परत आलो तेव्हा तिचा एकच सामना उरला होता, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम. तो लातूरला, नेमका माझ्याच जुन्या कॉलेजात. पुण्यातल्या कंपनीनं सोमवारी हजर व्हा म्हटलं होतं. मी पुढच्या सोमवारी येतो म्हणून कळवलं. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. तिची अंतिम फेरी दुसरी मिळणार नव्हती. मुखेडहून सकाळची पहिली लातूर गाडी धरली आणि साडेदहाला कॉलेजच्या फाटकात उभा राहिलो. आयुष्यात कुठल्या सामन्याला मी इतक्या निर्धारानं गेलो नव्हतो.

पण आपल्याकडं मैदानावर जाणं आणि सामना बघणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मध्ये सत्कार असतो.

फाटकातच आमच्या जुन्या क्रीडा शिक्षकांनी मला पकडलं. “आलं का आमचं अमेरिकावालं पाखरू!” मी सर, खो-खो, बहीण असं काहीतरी बोललो. “हाव हाव, बघू की. अदुगर वर चल. दोन मिनिटाचं काम हाय.” त्यांनी माझा दंड सोडला नाही. आमच्या भागात जेवणाला नको म्हटलं तर एक वेळ चालतं. सत्काराला नको म्हणणं म्हणजे माणसालाच नको म्हणणं. मी पायऱ्या चढलो आणि पांढरी चादर घातलेल्या सोफ्यावर जाऊन बसलो.

मंडपाचं तोंड मोठ्या मैदानाकडं होतं. तिथं संध्याकाळी पोरांची कबड्डी व्हायची होती, आत्ता तिथं चिटपाखरू नव्हतं. पोरींचा खो-खो मंडपाच्या मागं. माझ्या पाठीशी हिरवा पडदा आणि पडद्यापलीकडं दहा-पंधरा पावलांवर चुन्याच्या रेषा. अध्यक्षांचा सत्कार झाला. उपाध्यक्षांचा झाला. मंडप घालणाऱ्याचासुद्धा झाला. मग निवेदक माइकवर म्हणाला, “वेळेअभावी मुलींचा अंतिम सामना आपण मागच्या बाजूला उरकून घेत आहोत.”

उरकून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच क्षणी फेटेवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं माझी हनुवटी धरून मान सरळ केली. मागं शिट्टी वाजली. “खो,” एक आवाज आला. मग दुसरा. फेट्याचा एकेक पीळ बसत होता आणि प्रत्येक पिळागणिक मागून पाय घासल्याचा, कोणीतरी पडल्याचा, “खो… खो…” असा आवाज येत होता. एकदा पोरी जोरात ओरडल्या. मी मान वळवायला गेलो तर फेटेवाला म्हणाला, “हलू नका सायेब, शेमला बिघडतो.” आणि मी, लाज वाटते सांगायला, हललो नाही.

शाल आली, नारळ आला. मग निवेदकानं मला दोन शब्द बोलायची विनंती केली. मी माइकसमोर उभा राहिलो. समोर रिकामं मैदान आणि पहिल्या रांगेत पेंगणारे पाहुणे. मला बसस्टँड आठवला, भेळेचा पुडा आठवला. मी म्हणालो, “माझी बहीण मागं खेळून राहिली. तिची मॅच बघायला मी मुखेडहून आलो, सत्काराला न्हाई. मी तिकडं चाललो. ज्यांना यायचं त्यांनी या.”

कोणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडलेली मी बघितली. सर “अरं, अरं” करत उठले. पायऱ्यांना वळसा घालत बसलो असतो तर त्यांनी पुन्हा धरलं असतं, म्हणून मी पडदाच वर केला आणि मागून खाली उडी मारली. फेटा, शाल, नारळ सगळ्यासकट.

पहिला डाव संपत आला होता. नांदेडचा संघ पाठलागाला बसलेला. बहीण खांबाजवळच्या चौकात बसली होती, माझ्याकडं पाठ करून. तिच्या पाठीवरचा नंबर मला माहीत नव्हता, मी तिला वेणीवरून ओळखलं. मी रेषेजवळ मातीतच बसकण मारली. बघायला मी, पाणी देणारी एक बाई आणि पंचांची एक मोटारसायकल.

मग पळायची पाळी आली आणि पहिल्या तिघींत ती उतरली. तिनं मला बघितलं. एक क्षणभर, फेट्यासकट. हसली नाही, हातही केला नाही. तिच्या दोघी जोडीदारणी लवकर बाद झाल्या आणि ती एकटी राहिली. ती पळते म्हणजे काय करते, ते मला तेव्हा कळलं. ती घाई करत नाही. पाठलाग करणारी अगदी अंगावर येईपर्यंत थांबते, डाव्या खांद्यानं इकडं जाते असं दाखवते आणि दोन बसलेल्या पोरींच्या मधून उलटी निसटते. समोरच्या आठही जणींना तिनं उठवलं, बसवलं, पुन्हा उठवलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. वीस संघांसाठी घसा बसवून घेतलेला मी, तिथं नारळ छातीशी धरून गप बसलो होतो आणि डोळे पुसत होतो.

हळूहळू मागं कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं जाणवलं. क्रीडा शिक्षक होते. त्यांच्या मागं फेटेवाला आणि दोन-चार पोरं. थोड्या वेळानं सरही माझ्याशेजारी खाली बसले.

एका गुणानं नांदेड हरलं.

परतीच्या एसटीत ती माझ्याबरोबर मुखेडला यायला निघाली. चाकूर गेल्यावर आईचा फोन आला. हरल्याचं तिला आधीच कळलं होतं. “हरली तं हरली,” आई म्हणाली. “कशी खेळली माझी लेक?”

या वेळी माझ्याकडं उत्तर होतं. मी डाव्या खांद्याचं सांगितलं, दोघींच्या मधून निसटल्याचं सांगितलं, दुसऱ्या डावात कोपरापासून रक्त येत असताना ती कशी पळाली तेही सांगितलं. कंडक्टर पेटीवर टेकून ऐकत होता. बहीण खिडकीबाहेर बघत बसली होती. अहमदपूर आलं तरी माझं चालूच होतं.

“आन् पयल्या डावात मी खांबावर सूर मारून दोघीला टिपलं, ते सांग की,” ती खिडकीबाहेरच बघत म्हणाली.

मी थांबलो. पोरी जोरात ओरडल्या होत्या, तो आवाज मला आठवला.

“ते मी न्हाई बघितलं,” मी म्हणालो. “फेटा बांधून राहिले होते.”

मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि आईला स्वतःच सांगू लागली, खांब कुठं होता, पुढची कशी वळली, हात किती लांब टाकला. आपल्या खेळाबद्दल ती घरात एवढं कधी बोलली नव्हती. मी फेटा मांडीवर घेऊन बसलो आणि मुखेड येईपर्यंत मध्ये एक शब्दही बोललो नाही.