ओडेसा प्रुइट यांची सातवी कादंबरी

वेल्समधल्या कार्डिफला माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये ओडेसा प्रुइट राहतात. वय चौसष्ट. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर त्या नऊ वर्षं आहेत, त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी. तरी त्या लेखिका आहेत हे मला तिथे कुणाकडून कळलं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी लिफ्ट बंद पडली म्हणून मी त्यांचं एक खोकं वर नेऊन देत होते. खोक्याचा तळ फाटला आणि जिन्यावर पुस्तकं सांडली. सगळ्यांवर त्यांचंच नाव.

"तुम्ही लिहिलीत?"

"सहा," त्या म्हणाल्या. "मागच्या जन्मी."

मग चहा झाला. अमेरिकेत, डेट्रॉइटला, त्या सलॉनमध्ये वेण्या घालायच्या. एकेका डोक्याला पाच-सहा तास लागायचे आणि काळ्या वस्तीतल्या बायका बोलत राहायच्या. कुणाचा नवरा आत गेला, कुणाचा भाऊ सुटला, कोण कुणाच्या प्रेमात बुडालं. संध्याकाळी ओडेसा त्यावर कादंबरी लिहायच्या. प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा त्यांनी स्वतःच छापली आणि तुरुंगात भेटीला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर नेऊन विकली.

"तीन तासांचा प्रवास," त्या म्हणाल्या. "बायका जाताना वाचायच्या, आणि परतल्यावर मला विचारायच्या, पुढचं कधी?"

मग एका छोट्या प्रकाशकाने त्यांची पुस्तकं छापायला घेतली. तिसऱ्या पुस्तकाला दुकानाबाहेर रांग लागली. लंडनच्या एका कार्यक्रमात माइक सांभाळणारा ह्यू भेटला, लग्न झालं, त्या इथे आल्या. चार वर्षांत ह्यू हार्ट अटॅकने गेला. घरात बसवेना म्हणून त्यांनी नोकरी धरली.

"परत नाही गेलात?"

"कुणाकडे? बहीण गेली. आमच्या रस्त्यावरची घरं पाडली."

सातवी कादंबरी त्यांनी कार्डिफवर लिहिली. प्रकाशकाचं उत्तर आलं, वाचकांना तुमच्याकडून डेट्रॉइट हवंय. "तिथले लोक आता कसे बोलतात, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कानावर पडत नाही, ते लिहू कसं?"

हस्तलिखित त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात एक एकटी विधवा आहे. खालच्या मजल्यावरची एक इंडियन मुलगी रोज जिन्यात उभी राहून फोनवर बोलते आणि ही बाई दाराला कान लावून ऐकते. एक शब्द कळत नाही, तरी फोन संपेपर्यंत हलत नाही.

जिन्यात सिग्नल बरा येतो, म्हणून पुण्याला आईला मी तिथूनच फोन करते. दोन दिवस मला त्यांच्या समोर जाववेना. मग गेले.

"ती मी आहे का?"

"आवाज तुझा. बाकी माझं." मग त्यांनी विचारलं, "फोनवर खरं काय बोलता तुम्ही?"

"जेवलीस का, गुडघा कसा आहे, असंच."

"मी तुमचं कडाक्याचं भांडण लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

फेब्रुवारीत त्यांनी पुस्तक स्वतः छापलं. लायब्ररीत वाचन ठेवलं. मी, लायब्ररियन आणि पावसामुळे आत आलेले तिघं, एवढेच होतो. एक जण बस आली म्हणून मधेच उठला. ओडेसा चाळीस मिनिटं उभ्याने वाचत राहिल्या, हॉल भरलेला असावा तशा. शेवटी एका वेल्श आजींनी एक प्रत घेतली. त्यांच्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारून ओडेसांनी सही केली.

आता आठवी चालू आहे. रविवारी मी वर जाते. त्या टाइप करतात, मी खिडकीशी चहा पिते, बोलणं फारसं होत नाही.

मला लीड्सला नोकरी मिळाली आहे, जूनमध्ये जायचंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.