बाई आणि न उतरलेला जांभळा

रसायनशास्त्राच्या आमच्या बाईंना मी खुर्चीवर बसलेलं क्वचितच पाहिलं. फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारतच त्या शिकवायच्या. पर्समध्ये पेनाबरोबर शेवग्याच्या बिया असायच्या. बियांची पूड मिठाच्या पाण्यात भिजवायची, गाळायची आणि ते पाणी रंगीत सांडपाण्यात ढवळायचं, की रंगाच्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात. एवढ्यासाठी त्यांनी कोथरूडच्या भाजीवाल्यांना बजावून ठेवलं होतं, "कोवळ्या शेंगा लोकांना विका, जून मला ठेवा."

गुठळ्या बसायला तासभर लागायचा. तेवढा वेळ बाई बरणीभोवती घिरट्या घालायच्या. मी यवतमाळची, विश्रांतवाडीत खोली घेऊन राहणारी. याच बियांवरचा माझा प्रकल्प फसला तर वर्ष जाईल या धास्तीत. एकदा बाई म्हणाल्या, "पाणी निवळतंय. तू का गढूळ?"

कसब्यातले एक रंगारी जुन्या साड्या रंगवून द्यायचे. रंगाचं पाणी गटारात जातं म्हणून त्यांना नोटीस आली. महिन्याभरात उपाय करा, नाहीतर काम बंद. बाईंनी तिथे बियांच्या पाण्याचं पिंप मांडलं. निळा उतरला, लालही उतरला. जांभळा काही हटेना. तपासणीच्या आदल्या दिवशी मी जांभळ्याच्या नमुन्यात गुपचूप नळाचं पाणी ओतलं.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "हे निवळलेलं नाही. पातळ केलेलं आहे."

ओरडल्या नाहीत. रिक्षात बसवून मला थेट कसब्यात नेलं. "सांग यांना."

मी सांगितलं. 

रंगारी म्हणाले, "अहो बाई, लग्नसराईत जांभळ्यालाच मागणी."

"तो आपण सोडा. खोट्या पाण्यावर उद्या सुटाल, परवा सापडाल."

त्यांनी जांभळा सोडला. गिऱ्हाइकं तुटली, पण काम टिकलं. माझा प्रकल्प सहा महिने लांबला. "नाही उतरला हेही लिही," बाई म्हणाल्या, "पुढच्याचे कष्ट वाचतील."

आता मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या आठवड्यात साहेबांनी अहवालातला एक आकडा "जरा खाली" आणायला सांगितला. मी सही केली नाही. तेव्हापासून फोन वाजला की आधी नाव बघते, मगच उचलते. परवा नकळत बाईंचा नंबर लावला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, हे पलीकडून त्यांच्या लेकीचा आवाज आल्यावर आठवलं. मी गडबडून माफी मागितली.

"असू दे," ती म्हणाली. "काय झालंय?"

मी सगळं सांगितलं.