भरावातली जागा

शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी करंजाच्या रोपांना पाणी घातलं. बायको कळशी आणून द्यायची, मी आळ्यात ओतायचो. पाणी वर थांबत नव्हतं. आळं भरायच्या आत खाली जायचं आणि खालून घोट घेतल्यासारखा आवाज यायचा.

"अवं, ऐकलं का? जमीन ढेकर देतीया."

"ढेकर न्हाई. खाली पोकळी हाय."

"तुमच्या डोक्यात हाय पोकळी. वता गुमान."

ही आमची चाकूरच्या अलीकडची जमीन. मोठा रस्ता झाला तेव्हा तिच्यातला मुरूम ठेकेदाराला दिला होता. त्यानं मोठा खड्डा केला आणि जाताना मशीन लावून घाईत बुजवला. कडेला काढून ठेवलेली काळी माती आधी ढकलली, ती तळाला गेली. दगड-मुरूम वर आला. जमीन उलटी झाली. तिच्यावर चाललं की आपल्याच पावलांचा आवाज मागून यायचा. मुंग्यासुद्धा तिथं वारूळ करत नव्हत्या.

मी म्हणलं, सोडून देऊ. बायको म्हणाली, आपलीच हाय, सोडायची कशी? मग उन्हाळ्यात तळ्यातला गाळ ट्रॅक्टरनं आणून पसरला. ताग पेरला, फुलावर आला की खत म्हणून गाडला. करंज लावलं, सीताफळ लावलं. रोपं जगली. पण दोरी धरून रांग लावली तरी पावसाळा सरला की रोपं एकमेकांकडं कललेली दिसायची, बोलता बोलता आम्हाला बघून गप झाल्यागत. भराव खाली बसत होता, हे मला कळत होतं. तरी मी तिथं एकटा जात नव्हतो. ती जायची. रोपांशी बोलत बसायची.

त्या दिवशी पाणी झाल्यावर ती दगडावर टेकली आणि म्हणाली, "मी गेले की मला हितंच बसवा. वरच्या बांधावर नगं."

"का गं?"

"तिथं मामंजी हायत, सासूबाई हायत. जन्मभर पदर सांभाळला त्यांच्यापुढं. आता मेल्यावर तरी पाय पसरून बसू द्या."

"आपल्यात मांडी घालून बसवतात, येडे."

"मग मांडी घालून. पण हितं."

त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. गाडी मिळाली, चाकूरला पोचलो, पण ती वाटेतच गेली होती.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. चौकोनी खड्डा करतात, त्याच्या भिंतीत कोनाडा कोरतात आणि माणसाला त्या कोनाड्यात बसवतात. माती अंगावर पडू नये म्हणून. त्याला भिंत कडक लागते.

सकाळी मी भरावाची जागा दाखवली तर धाकटा भाऊ भडकलाच.

"अण्णा, डोकं फिरलं का? भरावात कोनाडा राहतो व्हय? वैनी दबून जाईल. आई-आप्पापशी कडक जागा हाय."

"म्हणूनच नको म्हणली ती."

अंत्यविधीला आलेले स्वामी मधे पडले. "जागा कुठली बी चालंल. पण मातीनं धरलं पायजे."

खोदायला लागलो. मुरूम वरनं सारखा घसरत होता. भिंतीत कुदळ घातली की भिंतच ढासळायची. दर खेपेला भाऊ माझ्याकडं बघायचा. घरी ती अंगणात वाट बघत होती. ऊन कललं. मी म्हणलं, आणखी खाली जावा.

लई खाली गेल्यावर मातीचा रंग बदलला. काळी, ओली, घट्ट. आमची जुनी माती. तिच्यात आमच्या शेवटच्या ज्वारीची धसकटं होती. कुजली नव्हती. पिवळी, काही उभी, काही मुळं वर करून. वास तर असा आला की कालच काढणी झालीय. खोदणारे हात थांबले. त्यातला एक वर आला, तो पुन्हा उतरला नाही. दुसरा म्हणाला, "मामा, ही मेलेली न्हाई." मग मीच उतरलो आणि कोनाडा कोरला. भिंत कापताना खवल्यासारखी चकाकायची. भावानं मूठ मारून बघितली.

"धरली," म्हणाला.

तिला बसवलं. विभूती लावली, बेल वाहिला. दिवस बुडायच्या आत माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. तिच्यावरची माती खचली होती. मधोमध टोपल्याएवढी खोल. कडेनं भेग गेली होती आणि वर पान हलत नसताना त्या भेगेतून गार वारं हाताला लागत होतं.

ताजी माती खचतेच. सगळ्यांची खचते. नाहीतर कोनाडा ढासळला असंल आणि ती दबली असंल. दोन्ही होऊ शकतं. माझ्या हातात पहार होती. ती खाली घातली असती तर हाताला कळलं असतं, पोकळ हाय का भरलंय. ती भेगेवर धरून मी उभा राहिलो.

"दबलीस का गं?" विचारलं.

पहार बाजूला ठेवली. कडेला शिल्लक गाळाचा ढीग होता, त्यातला टोपल्यानं आणून खळग्यात भरला. पायानं तुडवायचा असतो, पण पाय ठेववेना. गुडघे टेकून हातानंच दाबला. भेग बुजली. वर तागाचं बी फोकलं, काट्यांचं कुंपण केलं आणि आणखी खचतंय का बघत तिथंच बसलो.