एका कीबोर्डवर दोघं

मारेन ट्वाइट आमच्याकडे पहिल्यांदा आली ती वर्गाबरोबर जेवायला. हे तिच्या कॉलेजात गणित शिकवतात आणि सत्रात एकदा अख्खा वर्ग घरी बोलवायचा, अशी इथली रीत. बाकीची मुलं जेवून गप्पा ठोकत बसली. ही बाह्या वर करून सिंकपाशी उभी राहिली.

"राहू दे गं," मी म्हटलं.

"आमच्याकडे जेवणारा भांडी घासतो. नाहीतर आई बोलते."

मग ती निमित्त नसतानाही येऊ लागली. गाव मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला, घरी दुभत्या गाई, आईबाप आणि ही एकुलती एक. संगणकशास्त्र शिकायला आलेली. पण आमच्या कॉलेजात नुसतं तेवढंच कुणाला शिकू देत नाहीत. त्या वर्षी तिला ग्रीक तत्त्वज्ञान होतं आणि मातीची भांडी करायचा वर्गही. "बाबा म्हणतात, गाईंचा प्रोग्राम लिही. नाही जमला तर निदान मडकं तरी आण, त्यात दूध काढू," असं सांगून ती स्वतःच हसायची.

फेब्रुवारीत तिची आई गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात शेजारणींनी आणलेली हॅम सँडविचेस आणि ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची कॅसरोल्स खाऊन लोक पांगले आणि मारेन परत आली. दुसऱ्या वर्षाच्या तीन सत्रांपैकी दुसरं चालू होतं. आली, जेवली, भांडी घासली. रडणं नाही, चिडणं नाही. हसणं मात्र कुठे गेलं ते कळेना.

"कशी आहेस?" मी एकदा विचारलं.

"ठीक. तुम्ही निदान सगळ्यांसारखी कीव करत, मान तिरकी करून विचारत नाही."

पुन्हा मी विचारलं नाही.

त्या सत्रात तिला वेरा कोस्टेलो शिकवत होती. इथे प्राध्यापकांना मुलं नावानंच हाक मारतात. वेराचा नियम असा की दोघांत एकच कीबोर्ड. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बोलत राहायचं, थोड्या वेळाने जागा बदलायच्या. जोडीदार नसताना एक ओळही पुढे न्यायची नाही. शेवटी दोघांनी सही करायची, की हे आम्ही एकत्र बसून केलं. या कॉलेजात परीक्षेला पहारा नसतो, मुलं पेपर घेऊन झाडाखाली जाऊन बसतात. सगळा कारभार सहीच्या भरवशावर. त्यामुळे इथे जोडीदाराचं काम करून टाकणं हा उपकार नाही, लबाडी धरली जाते.

मारेनचा जोडीदार एलायस ब्रॅन्ट. मुलगा नाटकाचा, कॉलेजच्या अटीपायी संगणकाच्या वर्गात येऊन पडलेला. प्रत्येक ओळीला "का?" विचारायचा. एका रविवारी दोघं माझ्याकडे जेवायला होती, तेव्हा मारेनने भात चिवडत सांगून टाकलं, की काम झालं.

"झालं? सगळं?" एलायसने विचारलं.

"चालतंय. तू फक्त सही कर."

"कधी केलंस?"

"काल. तुझी तालीम होती ना."

"तालीम दुपारीच संपली. मी तुला निरोपावर निरोप पाठवत होतो."

"सही कर रे. मार्क तुलाही मिळणार आहेत."

"मार्क मिळतील गं. पण वेराने विचारलं, ही ओळ कशाला, तर मी काय सांगू? स्टेजवर भाला धरून उभं राहायचं असलं तरी मी विचारतो, की भाला का."

"म्हणूनच मी एकटीने केलं. तुझं का, का, का ऐकवत नाही."

एलायसने ताट बाजूला सारलं. "एरवी तू हे बोलली असतीस तर मी हसलो असतो," तो म्हणाला. मग, "मी सही करणार नाही. आणि मला हे कळलंय म्हटल्यावर नियमाप्रमाणे मलाही गप्प बसता येणार नाही. आधी तू जाऊन सांग. शुक्रवारपर्यंत मी थांबतो."

तो गेल्यावर मी तिला विचारलं, "काय होईल?"

"नापास करतील बहुतेक. हा विषय सुटला नाही तर संगणक हा मुख्य विषय घेता येणार नाही. एप्रिलमध्ये तो जाहीर करायचा असतो."

"मग?"

"मग घरी. बाबांना मदत हवीच आहे."

"घरी गेलीस तर परत येशील?"

"नाही," ती म्हणाली. उद्या बर्फ आहे म्हणावं तसं.

"तुला काय हवंय, मारेन?"

तिने खरंच विचार केला. "काही हवंय असं वाटत नाही. पण हवं असायला पाहिजे, एवढं आठवतंय."

शुक्रवारच्या आत ती अशी लबाडी तपासणाऱ्या मंडळापुढे गेली. मंडळ म्हणजे मुलंच. तिथे काय झालं ते तिने मला ताटं पुसता पुसता सांगितलं. त्यांनी विचारलं, एकटीने का केलंस. ही म्हणाली, बोलायला लागू नये म्हणून. एका मुलीने विचारलं, "आई गेली म्हणून आम्ही तुला सोडून द्यावं का?" मारेन म्हणाली, "नको. आई होती तेव्हाही मला नियम ठाऊक होता."

निकाल लागला, तो असा: त्या कामाला शून्य, आणि वसंताच्या सुट्टीत तेच काम एलायसबरोबर पहिल्यापासून. मारेनने कीबोर्डला हात लावायचा नाही, तिने फक्त बोलायचं. वेरा दोघांना प्रश्न विचारेल. समाधान झालं नाही तर मारेन नापास.

सुट्टीत कॉलेजच्या इमारती बंद, म्हणून दोघं माझ्या जेवणाच्या टेबलावर बसली. एलायस दोन बोटांनी टाइप करायचा. काम साधंच होतं: ग्रंथालयात एका पुस्तकासाठी नंबर लावलेल्यांची रांग सांभाळायची. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याकडे बोट दाखवायचं, की झाली रांग.

"तू केलेलं बघू तरी," एलायस म्हणाला. तिने उघडून दाखवलं.

"हे इथे दोनदा का तपासलंस?"

मारेनने ती ओळ परत वाचली. "माहीत नाही."

"आणि हे?"

"हे मी लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही." तिचा आवाज तसाच सपाट. "पुसून टाक. सगळं."

"चालतंय की ते."

"चालू दे. पूस."

त्याने पुसलं. मग ती बोलू लागली. एक शब्द, थांबणं, पुढचा शब्द. मी पलीकडे भाजी चिरत होते. संगणक वाचून दाखवावा तसं बोलत होती, पण बोलत होती.

"रांगेतला मधलाच कुणी निघून गेला तर?" एलायसने विचारलं.

"त्याच्या मागच्याला सांगायचं, आता त्याच्या पुढच्याकडे बोट दाखव."

"आणि जो गेला त्याचं काय? त्याला पुसायचं नाही?"

"पुसावं लागत नाही. त्याच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही, की तो उरत नाही. मशीन जागा परत घेतं."

"फार वाईट आहे हे."

"वाईट नाही. तसं बनवलंय."

मी वळून बघितलं तर एलायसची बोटं वरच्या वर थांबलेली आणि मारेन खिडकीतून बाहेर बघत होती. तो "का" म्हणाला नाही. तीच म्हणाली, "लिही. मागच्याचं बोट आधी फिरव. आधी ते, नाहीतर रांग तुटते."

त्यांना तो आठवडा पुरला. वेराने एलायसला विचारलं, त्याला आलं. मारेनला विचारलं, तिने हळूहळू सांगितलं. दोघांनी सही केली. मार्क बेताचेच पडले, पण विषय सुटला. एप्रिलमध्ये तिने संगणक हा मुख्य विषय म्हणून जाहीर केला आणि त्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातून वडिलांना फोन लावला.

"बाबा, मी इथेच राहतेय," ती म्हणाली. "हो, संगणकच... नाही, उन्हाळ्यात येईन. गवत कापायला येईन." मग ती फोन कानाला लावून नुसतीच उभी राहिली. मी गॅस बारीक केला.

खूप वेळाने तिने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले," मारेन म्हणाली. "मग दोघंही काही बोललो नाही. पण फोन कुणी ठेवत नव्हतं."