शेवटी ठेवलेलं

ताटातला आवडता घास ती शेवटी खायची. परीक्षेत पाठ असलेला प्रश्न शेवटी सोडवायची. नवे बूट कपाटात ठेवून जुने झिजवायची. रस्त्यात वेगळा दगड दिसला की वाकायची, उलटा करून बघायची आणि खिशात टाकायची. आई घरी शर्ट शिवायची आणि त्यांना बटणं लावायचं काम तिचं. तेही खालून वर. गळ्याचं, सगळ्यांच्या नजरेत भरणारं बटण अगदी शेवटी.

तीन बहिणींतली ती धाकटी. घरात तिला शेंडेफळच म्हणत.

तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. ते एकाच कॉलेजात होतं आणि ते दूर होतं. घरातल्या कुणीच कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. शाळा सरकारी. तीन शाळांत मिळून समुपदेशक बाई एक. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मार्गदर्शनाचं काम खेळाच्या सरांच्या गळ्यात पडलं. सर मनाने चांगले. पण त्यांचं ऑफिस म्हणजे मैदान. सगळ्या वर्गाला उन्हात उभं करून ते म्हणाले, "कॉलेजांचा पसंतीक्रम नीट भरा. मागाहून रडत येऊ नका." आणि शिट्टी फुंकली.

नीट म्हणजे कसं, ते राहूनच गेलं.

तिने नीट भरला. शाळेच्या संगणकावर, दोनदा तपासून.

यादी लागली तेव्हा सर तिला शोधत वर्गात आले.

"नशीब काढलंस पोरी! पहिलीच पसंती मिळाली. बाजारामागचं कॉमर्स कॉलेज."

"सर, ती पसंती नव्हती."

"मग काय होतं?"

"ते आधी संपवायचं होतं. आवडीचं मी शेवटी ठेवलंय."

सरांच्या हातातली शिट्टी खाली पडली.

"अगं बाई, हे काय जेवणाचं ताट आहे? पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद! विचारायचं नाही का?"

"आले होते विचारायला. तुम्ही म्हणालात, मॅच संपू दे."

"मग?"

"बरोबरीत सुटली. जादा वेळ लागला. मग शाळाच सुटली."

सर खाली वाकले. शिट्टी उचलली, शर्टाला पुसली. "प्रवेश केंद्रावर विचारून बघतो," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ती घरात टिकेना. दारात जायची, परत यायची. पाणी प्यायला उठायची आणि पेला तसाच ठेवायची. खिशातले दगड काढून खिडकीत मांडायची, पुन्हा खिशात भरायची.

"कॉमर्स काय वाईट आहे?" मधली बहीण म्हणाली. "घराजवळ आहे. दुपारी झोपायला येता येईल."

"तू जा मग."

"मला कोण घेतंय! मी तर पसंतीक्रमातच नाही."

आई हसली. मग हसू आवरून मशीनवर वाकली. "मला तरी विचारायचंस," ती म्हणाली.

"तुला काय विचारणार होते?"

मशीन थांबलं. "तेही खरंच," आई म्हणाली. मशीन पुन्हा सुरू झालं.

दुपारी आईने तिच्या हाती शर्ट दिला. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. तिने खालून सुरुवात केली. सुई बोटाला दोनदा टोचली. गळ्याच्या बटणाशी आली, पहिला टाका घातला आणि खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला.

"खाली ये!" सर रस्त्यातून ओरडत होते. "दुरुस्तीची आज शेवटची संधी! केंद्र बंद व्हायच्या आत पोचलो तर क्रम बदलून देतो म्हणालेत. मॅच सोडून आलोय!"

ती उठली. कपाट उघडून नवे बूट काढले.

"अगं, एकच राहिलंय!" आई म्हणाली. "दोन टाके!"

जिन्यात कोरे बूट करकरत गेले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. आईने शर्ट हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत मशीनवर ठेवला.

"उद्या या," ती म्हणाली. "शेंडेफळ बाहेर गेलंय."

गळ्याचं बटण एका टाक्यावर लोंबत होतं. दोऱ्याला सुई तशीच होती.